देवाच्या नावानं टोचलेली लस

माझ्या सरकारी नोकरीचं श्रेय आमच्या गावानं एका पोळाला दिलं. पोळ म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला वळू. त्याला मालक नसतो, दावण नसते, वेसण नसते. सगळं शिवार त्याचं आणि तो महादेवाचा.

मी दोन वर्षं पशुसंवर्धनाची पदविका केली. अडलेल्या म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले, नोकरीच्या परीक्षेला तीनदा बसले, तिसऱ्यांदा यादीत नाव आलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या काळात महादेवाला शब्द दिला होता की पोरीला नोकरी लागू दे, गाईचं पहिलं खोंड तुला सोडतो. नोकरी लागली. अण्णांनी खोंडाच्या मांडीवर त्रिशूळ डागला, गळ्यात हार घातला आणि त्याला सोडून दिलं. त्या दिवशी जेवायला आलेल्या प्रत्येकानं हात धुता धुता मला हेच ऐकवलं की महादेवानं दिलं, आता विसरू नको. अभ्यास कुणी केला, हे एकानंही विचारलं नाही. मला तेव्हा राग आला होता आणि खरं सांगते, तो अजून गेलेला नाही.

पोळ मात्र चांगला फोफावला. लोकांच्या तुरीत शिरायचा, लोक हात जोडायचे. एखाद्याचा हरभरा त्यानं साफ केला तर तो माणूस उलट सांगत फिरायचा की देवानं आपल्या वावरात तोंड घातलं. त्याच माणसाच्या हरभऱ्यात शेजाऱ्याची शेळी गेली असती तर तंगड्या मोडल्या असत्या. मी सुट्टीला घरी आले की अण्णा मला तो पोळ दाखवायचे. "बग, तुपली नोकरी चरायली," म्हणायचे. गंमत म्हणून म्हणायचे, पण मला ती गंमत कधीच गोड लागली नाही.

आमचं गाव धारूरच्या डोंगराच्या अंगाला आहे. माझी नेमणूक त्याच पट्ट्यात झाली आणि आमचं गावही माझ्याकडेच आलं. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक असला तरी लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. आई गेल्यापासून अण्णा एकटे राहतात, शेतातल्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे आमच्याकडे गोठा, कडबा आणि माणसाला पाठ टेकायला एक खोली, सगळं एकाच पत्र्याखाली. तिथं त्यांची देवणी जातीची बैलजोडी होती, थोरला आणि धाकटा. एकाच गाईची दोन वर्षांच्या अंतरानं झालेली. पेरणी, कोळपणी, सगळं या दोघांवर. अण्णा एक वेळ स्वतः उपाशी राहतील, पण या दोघांची पेंड चुकवणार नाहीत.

मग लम्पी आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा जनावरांचा साथीचा रोग आहे. ताप येतो, कातडीवर सुपारीएवढ्या गाठी उठतात, पाय सुजतात, जनावर वैरण सोडतं. माश्या, डास, गोचीड तो एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. एकदा झाला की त्याच्यावर हमखास औषध नाही. आधी लस टोचून ठेवणं, एवढंच हातात असतं. माजलगावकडून बातम्या यायला लागल्या, जनावरांचे बाजार बंद झाले, आणि मी बर्फाची पेटी घेऊन गावोगाव फिरायला लागले.

माझ्या स्वतःच्या गावात मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेसमोरच्या खोड्यापाशी, म्हणजे जनावर अडकवून धरायच्या लाकडी चौकटीपाशी, एकही जनावर नव्हतं. आदल्या दिवशी दवंडी दिली होती, फोन केले होते. सगळ्यांनी पहाटेच ढोरं डोंगराकडे हाकून दिली होती. पारावर दहा-बारा पुरुष बसले होते, त्यांत अण्णाही. मी विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "अंगावर फोडी आल्या म्हंजी आई आली. आई आल्यावर सुई टोचत न्हाईत. तुला कोन शिकवलं न्हाई का?"

मी सांगितलं की ही आई-बिई, देवी-बिवी काही नाही, हा विषाणू आहे. विषाणू हा शब्द मी पारावर उच्चारला आणि माझ्या तोंडाकडे सगळे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. दुसरा एकजण म्हणाला, "बरं, तुपल्या बापानं सोडलेला पोळ हाय ना? त्याला टोच आधी. महादेवाच्या ढोराला चाललं तर आमीबी आनतो."

म्हणाला आणि हसला. कारण पोळाला दोर लावायचा नाही, काठी लावायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोकळ्या वळूला सुई टोचायची तर त्यानं मला शिंगावर घेतलं असतं. अण्णा खाली बघत बसले. आपल्या पोरीची चारचौघांत चेष्टा चालली आहे आणि हा माणूस चपलेचा अंगठा चाचपतोय, हे बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. बर्फ वितळत होता. लसीची बाटली एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून मी ती फोडलीच नाही. तशीच परत गेले.

वाटेत महादेवाच्या देवळाशी गाडी थांबवली. थांबवायला नको होती.

आमचे गुरवकाका म्हणजे चलाख म्हातारा. देऊळ झाडता झाडता सगळ्या गावाची कुंडली पाठ. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि जे मनात होतं ते ओकून टाकलं. गावाची अक्कल, अण्णांचं गप्प बसणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कौल लावू की."

कौल म्हणजे असं की पिंडीच्या दोन्ही बाजूंना बेलाचं एकेक ओलं पान चिकटवायचं, देवाला प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवं पान आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

"आणि डावं पडलं तर?" मी विचारलं.

"कसं पडंल? पानी सुकलं की पान सुटतं. उजव्याला पानी कमी लावायचं." त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला हसू आलं. आयुष्यभर पिंडीसमोर बसून या माणसानं ओलावा, दगड आणि पान यांचा जेवढा अभ्यास केला होता तेवढा माझ्या कॉलेजातल्या एकाही सरांनी कशाचा केला नसेल. मी म्हटलं, "लावा काका."

सोमवारी लावला. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरवकाकांनी मोठ्यानं विचारलं, "देवा, तुपल्या लेकरान्ला लस टोचावी का?" थोडा वेळ सगळे श्वास धरून बसले. उजवं पान सुटलं आणि खाली आलं. हर हर महादेव झालं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी खांबाला टेकून उभी होते आणि मला, विज्ञान शिकलेल्या बाईला, त्या क्षणी पान पडल्याचा आनंद झाला. ते कसं पडलं हे माहीत असूनही झाला.

पोळ नैवेद्यासाठी रोज देवळापुढं यायचाच. त्या दिवशीही आला. गुरवकाकांनी त्याच्यापुढं भाकरी-गूळ धरला, दुसऱ्या हातानं त्याच्या मानेवर अंगारा फासला. तो खाण्यात गुंग असताना मी अंगाऱ्यावरच सुई घातली. त्यानं नुसती कातडी थरथरवली. दोर नाही, काठी नाही. लोक बघत राहिले.

मग जी रांग लागली ती दुपार टळेपर्यंत हटली नाही. प्रत्येकाला आधी मानेवर अंगारा हवा होता, मग सुई. गुरवकाका पुढं, मी मागं. घाईत मीच ओरडत होते, "अंगारा लावलेलीच ढोरं पुढं आणा!" हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. ते मी नाकारू शकत नाही, सगळं गाव साक्षीला आहे.

अण्णा जोडी घेऊन आले. आधी थोरला, मग धाकटा. धाकटा बुजला तर अण्णांनी त्याचं वशिंड थोपटलं. माझं काम झाल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आज पयल्यांदा तू देवाच्या कामाला लागलीस, माय." त्यांचा आवाज ओला झाला होता. मी कपाळावरचा घाम पुसला आणि पुढच्या गाईला हात घातला. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं की हे देवाचं काम नाही, माझं आहे. पण मला तो कौतुकाचा आवाज हवा होता. नोकरी लागली तेव्हा मिळाला नव्हता ना.

कचेरीतही कौतुक झालं. लोकांच्या कलानं घ्यावं कसं, हे हिच्याकडून शिका, असं साहेब बैठकीत म्हणाले. मीही मान खाली घालून हसले.

त्या पावसाळ्यात आमच्या गावात एक म्हातारी गाय सोडली तर कुणाला काही झालं नाही. शेजारचं गाव, ओढ्यापलीकडचं, तिथंही लस मीच टोचली होती. पण तिथं मला बोलावलं तेव्हा रोग आधीच शिरला होता. वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावरांच्या अंगात तो मुरलेला होता. टोचली तरी गेली. त्या गावातले लोक मला शिव्या घालत होते आणि आमच्या गावातले लोक जाता-येता नमस्कार करत होते. दोन्ही मी निमूट घेतलं.

लसीचा जोर साधारण वर्षभर टिकतो. पुढच्या वर्षी जेठ संपताना मी पुन्हा पेटी घेऊन आमच्या गावात गेले. या खेपेला कुणी जनावरं डोंगरात पळवली नव्हती. पारावर चहा सांगितला गेला. बसा म्हणाले. ढोरं कुठं आहेत विचारलं तर म्हणाले, "दावनीलाच हायेत. आता सुईचं काय काम न्हाई. सोमवारी सगळ्यान्ला अंगारा लावून घेतलाय."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. मी चहा तसाच ठेवून आखाड्यावर गेले. अण्णा कडब्याची पेंढी सोडत होते. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या मानेवर राखेचे पांढरे पट्टे होते.

"अण्णा, हे काय लावलंय?"

"अंगारा. गेल्या साली लावलता तसाच."

"गेल्या साली लस टोचली होती. लशीनं वाचली ढोरं."

अण्णा उठून उभे राहिले. शांत होते. मला वाटतं त्यांनी यावर आधीच विचार करून ठेवला होता. म्हणाले, "मला एक सांग. वढ्यापल्याडच्या गावात तूच टोचलीस ना? सुई तीच, दवा तीच, हात तुपलाच. तितं मेली ढोरं. हितं न्हाई मेली. मग दोन गावांत फरक कशाचा?"

मी थोरल्याच्या मानेवरच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"अंगाऱ्याचा," ते म्हणाले. "तितं नव्हता, हितं हुता. तूच म्हनतीस ना, उगं मानू नका, ताळा करून बगा. केला ताळा."

लहानपणापासून ज्या पद्धतीनं विचार करायला मी शिकले, नेमक्या त्याच पद्धतीनं विचार करून अशिक्षित बाप माझ्यासमोर उभा होता. त्यांचा ताळा बिनचूक होता. त्यात खोट घातली होती ती मी. मी अंगाऱ्याला सुईच्या पुढं उभं केलं आणि नंतर शेजारच्या गावात रोग आधी शिरला होता हे कुणाला नीट समजावून सांगितलं नाही. मला राग आला तो मात्र त्यांचाच. मी ओरडले. तुमच्या डोक्यात राख भरलीय, तुम्ही या मुक्या जनावरांचे मारेकरी ठराल, असलं बरंच काही बोलले. बापाला बोलू नये असं बोलले. ते पेंढी सोडत राहिले.

तिथून तडक देवळात गेले. गुरवकाका अंगारा चाळत होते. आता त्यांच्याकडे तो डब्यात भरून ठेवावा लागत होता एवढी मागणी होती. मी म्हटलं, "काका, लोकांना सांगा. कौल आपण पाडला होता."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. "सांगतो की. तू आदी सांग, माय. पारावर उभी ऱ्हा आन सांग की मी देवाला कौल लावायला लावला, पान मी म्हनलं म्हनून पडलं. तुज्या पाठोपाठ मी सांगतो."

मी पारावर गेले नाही. गाडीला किक मारली आणि धारूरला परत आले. दोन-चार दिवस स्वतःला समजावत होते की सांगितलं तर तक्रार होईल, चौकशी लागेल, बाईमाणूस म्हणून आणखी बोलतील. खरं कारण वेगळं होतं. अण्णांचा तो "देवाच्या कामाला लागलीस" म्हणतानाचा आवाज मला मोडायचा नव्हता. आणि गाव मूर्ख आहे, असं मी बारा महिने म्हणू शकत होते, मी लबाड आहे असं एकदाही नाही.

मग मी दुसरी लबाडी केली. अण्णा आठवडी बाजाराला धारूरला येतात हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते इकडं यायला निघाले असतील असं धरून मी पेटी घेऊन आखाड्यावर गेले. उन्हं चढली होती, माणूस काणूस नव्हतं. थोरला गरीब, त्याच्या मानेवरचा अंगारा पुसून सुई घातली, काही त्रास दिला नाही. सिरिंज दुसऱ्यांदा भरली, धाकट्याचं दावं आखूड केलं, त्याची मान हातात आली, आणि बांधावरून खाकरल्याचा आवाज झाला. जीप भरली नाही म्हणून अण्णा फाट्यावरून परत आले होते.

"काय करायलीस?"

मी सिरिंज पेटीत टाकली. "गोचीड बघायलते," म्हणाले.

पस्तिशीची बाई, सरकारची नोकर, हातात वाचवायची वस्तू, आणि बापासमोर चोरी पकडल्यासारखी गोचीड म्हणाले. एक मिनिट लागलं असतं. "अण्णा, थोरल्याला टोचलंय, याला टोचते, तुम्हाला काय बोलायचं ते बोला," एवढं म्हणायला. त्यांनी मला ढकललं असतं का? मला नाही वाटत. पण मागच्या भांडणात मी जे बोलले होते ते आमच्या दोघांच्या मध्ये उभं होतं आणि मला पुन्हा तसं बोलायचं नव्हतं. त्यांनी चूल पेटवून चहा केला. आम्ही पावसाबद्दल बोललो.

उद्या येऊ, परवा येऊ असं म्हणत राहिले. मला दुसऱ्या तालुक्यात शिबिराला पाठवलं. मधल्या काळात दोनदा आखाड्यावर गेले, दोन्ही वेळेला अण्णा तिथंच. महिना होऊन गेला.

धाकट्याला ताप भरला तेव्हा अण्णांनी मला कळवलंच नाही. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं त्याला धूत राहिले, अंगारा लावत राहिले. मला गावातल्या एकानं फोन केला. पोचले तेव्हा त्याच्या मानेपासून शेपटापर्यंत गाठी होत्या, काही फुटलेल्या. पुढचे पाय घागरीएवढे सुजले होते. खाली बसवत नव्हतं म्हणून तो उभा होता आणि उभं राहवत नव्हतं म्हणून डुलत होता. मी तापाची, सुजेची इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. अण्णांनी अडवलं नाही. त्यांनी तेव्हा अंगाराही लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो पडला, तेव्हा ते नुसते त्याचं तोंड मांडीवर घेऊन बसले. दुपारी कधीतरी त्याचा श्वास थांबला. अण्णांना ते बऱ्याच वेळानं कळलं. ते त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या वारतच होते.

त्याच्या शेजारी, चार हातांवर, त्याच माश्यांत, थोरला कडबा खात उभा होता. त्याच्या अंगावर एक गाठ नव्हती.

जेसीबीनं खड्डा केला, चुना टाकला. लोक आले आणि गेले. जाताना एकजण म्हणाला, "महादेवाच्या मनात आलं." मी त्याच्यावर खेकसले असते, पण तो आधीच बांध ओलांडून गेला होता. खड्ड्यापाशी आम्ही दोघंच उरलो. अण्णा म्हणाले, "काय चुकलं असंल माझं? कुनाला काय कमी केलं मी?"

ते देवाचा हिशेब लावत होते. मला ते सहन झालं नाही.

"तुमचं काय चुकलं नाही. देवानंबी नेला नाही. लम्पीनं नेला. थोरल्याला मी अंगारा पुसून लस टोचली होती, तुमी फाट्यावरून परत आलते त्या दिवशी. म्हणून तो उभा हाय."

मी वाट बघत होते की ते म्हणतील, तू अंगारा पुसलास म्हणून देव कोपला. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या भांडणापासून मी त्याच्यासाठी दातओठ खात होते. पण अण्णा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी थोरल्याकडे बघितलं, मग मातीकडे.

"मग धाकल्याला कावून न्हाई टोचलं?"

"तुमी आलात."

"मी आलो म्हनून?"

"तुमी अडवलं असतं."

"मला इचारलंतीस का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी खड्ड्यावरचं एक ढेकूळ पायानं सारखं केलं. मग त्यांनी विचारलं, "आन गेल्या सालचा कौल?"

आता लपवायला काही शिल्लक नव्हतं. मी सांगितलं. पायरीवर बसून काय ठरलं, उजव्या पानाला पाणी कमी कसं लावलं, सगळं सांगितलं. बोलताना मला वाटत होतं की आता यांचा देव कोसळणार. माझ्या मनात त्याची एक दुष्ट खुशीही होती, ती लपवत नाही. पोळ सोडल्या दिवसापासून मला ते हवं होतं.

"म्हंजी देवानं सांगितलंच न्हवतं," ते म्हणाले.

"नाही."

"तू सांगितलंस. देवाच्या तोंडानं."

"हो. नाहीतर कुणी ऐकलं असतं का? तुमी तरी ऐकलं असतं का, अण्णा? पारावर तुमी खाली बघत बसलते."

"बसलतो," ते म्हणाले. "ते खरं हाय. पर खोटं न्हाई बोल्लो तुज्याशी." खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी हात पुसले आणि थोरल्याला पाणी दाखवायला निघून गेले. मी तिथं खड्ड्यापाशी उभी राहिले. मागून जाऊन आणखी भांडावंसं वाटत होतं, पण भांडायला धरावं असं काही त्यांनी ठेवलं नव्हतं.

याला आता काही वर्षं झाली. त्यांचा देव कोसळला नाही. सोमवारी ते आजही देवळात जातात, गुरवकाकांशी बोलतात, त्यांच्या हातचा अंगारा कपाळाला लावतात. कौल माणसानं पाडला, त्यात देवाचा काय दोष, असं ते कुणाला तरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. गुरवकाकांनाही त्यांनी काही म्हटलं नाही, तो म्हातारा पोटासाठी करतो म्हणे. देवाला माफी, गुरवाला माफी. मला याची चीड येते. लस खरी होती. ती माझ्या हातात होती. त्या सगळ्या गावात खऱ्या वस्तूची पेटी घेऊन फिरणारी मी एकटीच होते, आणि हिशेब फक्त माझाच झाला.

लस मात्र ते आता चुकवत नाहीत. गावालाही त्यांनीच समजावलं, अंगाऱ्यानं काही होत नाही, सुई घ्या. थोरल्याला आणि त्याच्या जोडीला आणलेल्या नव्या बैलाला दरसाल जेठात टोचून घेतात. मी पेटी घेऊन गावात जाते त्याच्या आठवडाभर आधीच ते धारूरहून एका खाजगी डॉक्टरला आखाड्यावर बोलावतात. गेल्या वर्षी मी न राहवून विचारलं, "घरची डॉक्टर असताना तो कशाला? तुमच्या ओळखीचा तरी हाय का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पर माज्याशी खोटं बोलायचं त्याला काय कारन न्हाई."